खेचराचा इंग्रजी अर्थ

मोठ्या दुष्काळाच्या वर्षी मला इंग्रजी शिकवायला लागून बावीस वर्षं झाली होती, त्यातली अठरा या पाथर्डी तालुक्यातल्या माळावर. मूळचा मी संगमनेरचा, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला; मला इथे नेमणूक कुणी आणि कोणत्या जन्मीच्या रागाने दिली ते देव जाणे. मला राग लवकर येतो हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. पण वर्गातल्या चाळीस पोरांनी मिळून दिला नसेल एवढा वैताग त्या वर्षी छगन कुंभाराच्या बनूने एकटीने दिला.

बनू काही शाळेतली पोर नव्हती. चोवीस वर्षांची बाई, नवऱ्याने टाकलेली. माहेरी परत आली, बापाबरोबर माती तुडवू लागली, आणि मध्येच कुठूनतरी तिच्या डोक्यात नर्स व्हायचं शिरलं. नगरला त्याचं शिक्षण मिळतं, राहायची सोय असते. अटी दोनच: मॅट्रिक पास आणि वय पंचवीसच्या आत. सातवीची फायनल ती लग्नाआधीच झाली होती. मॅट्रिकला बाहेरून बसली आणि पहिल्याच फटक्यात सगळे विषय काढले, गणितसुद्धा. राहिलं एक इंग्रजी. बत्तीस गुण, आणि पास व्हायला लागतात पस्तीस. ऑगस्टात तिला पंचवीस पूर्ण होत होती. म्हणजे त्र्याहत्तरच्या मार्चमधली परीक्षा हुकली की नगरचं नाव काढायला नको.

छगन एके दिवशी शाळेत पाण्याचा रांजण पोचवायला आला आणि माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. "गुर्जी, तीन मार्कांपायी पोरगी अडलीया. तेवडं तीन मार्क तिच्या डोक्यात घाला." जणू मार्क म्हणजे रांजणात ओतायचं पाणी. मी हो म्हणालो. ती माझी चूक.

तीन मार्क कुठे सांडले हे शोधायला वेळ लागला नाही. पेपरात प्राण्यांच्या उपमांचा एक प्रश्न हमखास असतो. ॲज बिझी ॲज अ बी, मधमाशीसारखा उद्योगी. ॲज ब्लाइंड ॲज अ बॅट, वटवाघळासारखा आंधळा. दिलेल्या उपमेचा अर्थ सांगा आणि स्वतःच्या वाक्यात उपयोग करा, गुण पाच. तीस उपमांची यादी आहे, घोकली की काम झालं. पण बनूने ती घोकलीच नव्हती. ती यादी तपासत बसली होती.

"सर, वटवागूळ आंधळं नसतंय. आमच्या भट्टीमागल्या उंबरावर शंभर लटकल्यात. अंधारात बरूबर पिकल्यालं उंबर धरत्यात."

"ते इंग्लंडमधलं वटवाघूळ आहे."

"न् घुबड शहानं?"

"इंग्लंडमध्ये शहाणं. लिही."

"न् गाढव येडं?" इथे तिने पेन्सिल खाली ठेवली. "गाढव येडं न्हाई सर. येकदा वाट दावली की जन्मात इसरत न्हाई. तुमच्या वर्गातल्या पोरांस्नी..."

"बनू, लिही!"

पेपर तपासणारा पुण्यात बसतो, त्याने गाढव जवळून पाहिलेलं नसतं, त्याने फक्त यादी पाहिलेली असते, हे तिला मी किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही. गाढवापुढे वाचली गीता म्हणावं, तर ती म्हणही तिच्यासमोर काढायची सोय उरली नव्हती. पण हळूहळू ती बधली. संक्रांतीपर्यंत वटवाघूळ आंधळं झालं, घुबड शहाणं झालं, गाढवसुद्धा तिने एक सुस्कारा टाकून मूर्ख करून टाकलं. तीसपैकी एकोणतीस उपमा तिला झोपेतून उठवून विचाराव्यात. एकच राहिली. ॲज स्टबर्न ॲज अ म्यूल, खेचरासारखा हट्टी.

ही ती लिहीतच नसे. चुकवत नव्हती, जागा कोरी सोडायची. वर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ मारायची आणि पुढच्या उपमेकडे जायची. आणि माझा बावीस वर्षांचा अंदाज सांगत होता की यंदा हीच येणार. चार वर्षं ती पेपरात आली नव्हती.

"अगं, काय वाद आहे तुझा खेचराशी? हट्टी नसतं का ते?"

"असंल."

"मग लिहीत का नाहीस?"

ती पेन्सिलीला टोक काढू लागली. मी खडू आपटला, फळ्यावर हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं, तिच्याकडून म्हणून घ्यायला पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तर मी इतका चिडलो की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला. "खेचर! खेचर! खेचर! साधा शब्द आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ एवढाच, हट्टी. बाकी काही नाही."

तेव्हा तिने मान वर केली. "येवढाच?"

"एवढाच."

"बाकी कायबी न्हाई?"

"आणखी काय असणार? शेपटी?"

ती पुन्हा वहीकडे वळली आणि रेघ मारली. मी डोक्याला हात लावला.

इंग्रजीचा पेपर नेमका रंगपंचमीच्या आदल्या दिवशी आला. त्या दिवसांत मढीला कानिफनाथाची जत्रा असते आणि तिथे गाढवांचा मोठा बाजार भरतो. छगन दोन दिवस आधीच आपली चारही गाढवं विकायला घेऊन गेला होता. माती भिजवायला पाणी नाही, तर चाक काय फिरणार आणि गाढवं काय वाहणार? त्यामुळे बनूला पाथर्डीच्या केंद्रावर पोचवायचं माझ्या गळ्यात पडलं. अकराचा पेपर. सहाला आम्ही फाट्यावर उभे होतो. पहिली एसटी जत्रेच्या माणसांनी फुगून थांबलीच नाही. दुसरीच्या टपावरही माणसं होती. साडेसातला मी म्हणालो, "चल, पायीच. आठ मैल म्हणजे काही काशी नव्हे."

दीड मैलावर माझा पाय गेला. रस्त्याकडेला दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग लागोपाठ घातलेले होते. मागून आलेल्या ट्रकला वाट द्यायला मी ढिगावर चढलो आणि पाय घोट्यातून असा मुरगळला की डोळ्यापुढे काजवे चमकले. उठायला गेलो, पुन्हा बसलो. आजूबाजूला झाड नाही, घर नाही, नुसता माळ.

"तू जा," मी म्हणालो.

बनूने माझा घोटा दाबून पाहिला, पदराची चिंधी फाडून करकचून बांधला आणि शेजारी बसली.

"बनू, आठ वाजलेत. अकराला पेपर आहे."

"व्हय."

"मी इथे मरत नाही. कुणीतरी गाडीवाला उचलून नेईल मला. तू चालायला लाग."

"न्हाई सर."

"अगं, शेवटची संधी आहे तुझी!"

"म्हाईत हाय मला." तिने आवाज चढवला नाही. "वाटंत मानूस टाकून मी जानार न्हाई."

मी ओरडलो, मास्तरकीचा धाक घातला, शेवटी अक्षरशः हात जोडले. ती रस्त्याकडे बघत बसली होती. वर्षभर या बाईच्या डोक्यात एक उपमा घालायला मी रक्त आटवलं आणि ती स्वतःच त्या उपमेचं सोदाहरण स्पष्टीकरण होऊन माझ्या शेजारी खडीवर बसली होती. मला इतका संताप आला की पायाची कळसुद्धा थोडा वेळ विसरलो.

साडेआठच्या सुमाराला गाढवांचा एक तांडा आला. पुढे एक वाळकी म्हातारी, गोजरबाई नावाची, तिची दहा-बारा गाढवं बाजाराला निघालेली. बनू उठली, म्हातारीशी दोन शब्द बोलली, एका राखाडी गाढवाच्या मानेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळली. "बसा सर."

"मी? गाढवावर?"

आमच्या भागात माणसाला गाढवावर बसवतात ते त्याची धिंड काढायला. चोर, बायका पळवणारा, लाच खाणारा. मी या तालुक्यात अठरा वर्षं मास्तर, निम्म्या पाथर्डीने माझ्या हातची छडी खाल्लेली, आणि जत्रेच्या रस्त्यावर सगळा तालुका लोटलेला. पण मी बसल्याशिवाय ही हलणार नव्हती आणि घड्याळ कुणासाठी थांबत नव्हतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. बसलो.

दोन फर्लांग गेलो नाही तोच गाढव थांबलं. रस्त्याच्या मधोमध चार पाय रोवून उभं. मी टाचा मारल्या, शब्द वापरले. ढिम्म. मागून येणारा एक बैलगाडीवाला ओरडला, "मास्तर, कशात घावला?" त्याच्या गाडीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

"बघ!" मी बनूवर उसळलो. "बघ हट्ट! तुझी शहाणी जात! अजून म्हण गाढव मूर्ख नसतं म्हणून!"

"सर, तुमी चुकीच्या जागी बसलाय," ती म्हणाली. "घोड्यावानी पाठीवर न्हाई बसायचं. त्याचा कना दुकतो. मागं सरका, पुठ्ठ्यावर."

मी मागे सरकलो. गाढव चालू लागलं. गोजरबाई पुढून मागे न बघताच म्हणाली, "शिकल्याला मानूस हाय, शिकंल हळूहळू."

त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. धोतर गुडघ्यापर्यंत चढलेलं, पाय लोंबतायत, समोरून येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर आधी आश्चर्य आणि मग हसू. दोन माजी विद्यार्थ्यांनी नमस्कार केला, तो न हसता केला याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. बनू पदर कानामागे खोचून गाढवाच्या कानाशी चालत होती आणि एकोणतीस उपमा पुटपुटत होती.

मढीच्या फाट्यावर पोचलो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. त्या वर्षी विकायला आलेली जनावरं इतकी होती की बाजार पार फाट्यापर्यंत पसरला होता. छगन तिथेच उभा होता, लेकीची एसटी जाताना दिसेल म्हणून. मला त्या अवस्थेत पाहून त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आबा, सरांचा पाय मुरगाळलाय. संबाळा," बनू म्हणाली. मला उतरवून त्याच्या खांद्यावर दिलं, माझ्या हातातली तिची परीक्षेची पावती घेतली, आणि मग मात्र ती पळाली. नऊवारीचा काचा मारून, चपला हातात घेऊन. पाथर्डी तिथून सव्वा तासाची चाल.

"खेचर लिही!" मी मागून ओरडलो. "काही झालं तरी खेचर सोडू नकोस!"

तिने वळून पाहिलं नाही. पण छगनचा खांदा माझ्या हाताखाली एकदम ताठ झाला.

त्याने मला बाजाराच्या कडेला एका लिंबाखाली घोंगडीवर बसवलं, हळद उगाळून घोट्यावर लावली, प्यायला पाणी दिलं. मी आपला घड्याळ बघतोय, बडबडतोय. साडेदहा झाले, पोचली असेल का, दार बंद करतात वेळेवर, आणि पोचली तरी ती उपमा आली तर बाईसाहेब कोरी सोडणार. "छगन, एवढी हुशार पोर तुझी, पण त्या एका शब्दाशी तिचं काय वाकडं आहे कुणास ठाऊक. वर्षभर डोकं फोडलं मी."

छगन हळदीचा हात पुसत राहिला. मग म्हणाला, "गुर्जी, तुमाला कुनी सांगितलं न्हाई?"

"काय?"

"तिचा सासरा वीटभट्टीवाला. इटा व्हायला खेचरं पाळायचा. पाच वर्सं झाली, हितंच, ह्याच बाजारात आला हुता खेचरं घ्यायला. संगं पोरीला आनली. मला वाटलं लेकीला भेटवायला आनली." तो थांबला. "चार वर्सांत मूल न्हाई झालं तिला. त्यानं तिचा हात धरला, माझ्या हातात दिला, न् समद्या बाजारादेकत म्हनला, छगन, तुजं खेचर तुला माघारी. खेचराला कवा पिलू हुत न्हाई. लोक हासले गुर्जी. आमच्या धंद्यातली मानसं, समद्यांस्नी कळलं."

मी घड्याळ बघायचं विसरलो.

"मंग त्यो नवी दोन खेचरं घिऊन गेला, न् ही ह्या लिंबाखाली बसून ऱ्हायली सांजपतोर. तवाधरनं आमच्या घरात कुनी त्यो शबूद काडत न्हाई."

आठवड्यातून तीन वेळा, वर्षभर. फळ्यावर हातभर मोठ्या अक्षरात. खेचर, खेचर, खेचर, शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात मी तो शब्द तिच्या तोंडावर मारत होतो, आणि ती दर वेळी वहीत सरळ रेघ मारून पुढे जात होती. आणि आज सकाळी, शेवटचं म्हणून, तेच ओरडून तिला पाठवलं. मला माझी लाज वाटली. एवढी लाज गाढवावर बसूनही वाटली नव्हती.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी छगनवरच डाफरलो, कारण दुसऱ्या कुणावर डाफरायची सोय नव्हती.

"तिनं शपत घातली हुती. म्हनली, सरांस्नी शिकवू द्या मोकळ्या मनानं."

दुपार जाता जाईना. ऊन लिंबाच्या एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूला गेलं. छगनची तीन गाढवं गेली, चौथ्याला गिऱ्हाईक आलं तर त्याने उगाच जास्त किंमत सांगून परतवलं. मी मनात म्हणत होतो, ती उपमा न येवो. आली तर सोडून देवो. पाच गुण गेले चुलीत, बाकीच्या पेपरात पस्तीस जमव बाई कसेही. बावीस वर्षांत माझा अंदाज चुकावा अशी प्रार्थना मी पहिल्यांदाच करत होतो.

पाचच्या सुमाराला बनू आली. धुळीने पांढरी, ओठ सुकलेले. छगनने पुढे केलेला तांब्या तिने एका दमात संपवला.

"पोचलीस?"

"पाच मिन्टं हुती अजून."

"कसा गेला?"

तिने पेपर माझ्या हातात दिला. चौथा प्रश्न. पुढील उपमेचा अर्थ सांगून स्वतःच्या वाक्यात उपयोग करा. ॲज स्टबर्न ॲज अ म्यूल. माझा अंदाज कधी चुकत नाही, आणि त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. मी पेपराची घडी घातली.

"राहू दे," मी म्हणालो. "बाकीचे सोडवलेस ना? मग झालं. त्या प्रश्नाचं मी काही विचारत नाही."

"लिवलं की सर."

"काय लिहिलंस?"

तिने तोंड पुसलं आणि वर्गात उभी राहून म्हणायची तसं, हात बाजूला ठेवून म्हणाली, "आय ॲम ॲज स्टबर्न ॲज अ म्यूल. आय डिड नॉट लीव्ह माय टीचर ऑन द रोड."

वाक्यात एकही चूक नव्हती. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी घोट्याची चिंधी सैल करायला वाकलो.

"काय म्हनली ती, गुर्जी?" छगनने विचारलं. "मऱ्हाटीत सांगा की."

आयुष्यभर मी हाच धंदा केला, इंग्रजीचं मराठी करायचा. छगन माझ्या तोंडाकडे बघत होता, त्याच लिंबाखाली उभा राहून. मला ते एक वाक्य करता येईना.

बनूनेच सांगितलं. "मी लिवलं आबा, की मी खेचरावानी हट्टी हाय. माज्या सरांस्नी मी वाटंत टाकून आले न्हाई."

तो शब्द ऐकताच छगनने इकडे तिकडे पाहिलं, बाजारातल्या माणसांकडे, कुणी ऐकलं का म्हणून. त्याची मान खाली गेली.

"आबा," बनू म्हणाली, आणि तिने त्याच्या हाताला धरलं. "विंग्रजीत त्याचा येवढाच अर्थ हाय. हट्टी. बाकी कायबी न्हाई. विचारा सरांस्नी."

छगनने माझ्याकडे पाहिलं.

"एवढाच," मी म्हणालो.

मग उपरण्याच्या गाठीतून नाथाच्या प्रसादाच्या रेवड्या काढून त्याने आधी लेकीच्या हातावर ठेवल्या, मग माझ्या. त्यानंतर राहिलेलं चौथं गाढव सोडून आणलं आणि मला म्हणाला, "चला गुर्जी, घरला. मागं सरकून बसा."